न म्हटलेली कविता

सोमवार, ३ फेब्रुवारी

भिंतीवरचं घड्याळ पुन्हा मुकं झालं. काटे फिरतात, वेळ बरोबर दाखवतात, पण टिकटिक नाही. पुन्हा सेल बदलला. दुकानदार म्हणाला, "काका, चालतंय ना? मग झालं." हल्ली सगळ्यांचं असंच. चालतंय ना, मग झालं. आमच्या शाळेतलं घड्याळ रोज मागे पडायचं, पण त्याची टकटक शेवटच्या बाकापर्यंत यायची. वेळ चुकीची असेना, ठामपणे सांगितली जायची.

वही उघडली ती मात्र घड्याळासाठी नाही. आमची ही बोलेनाशी झाली आहे. भांडण झाल्याचं आठवत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणायची सवय होती तिला, तीही सुटली. ओठ तेवढे हलत असतात. मी "काय?" विचारलं की मोठ्यांदा "काही नाही!" हे "काही नाही" मात्र खणखणीत येतं.

माझा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचायच्या. एक अनुस्वार सुटला तरी मला ठेच लागायची. त्या माणसाला स्वतःच्या घरातलं काय सुटलं ते सापडू नये, म्हणजे कमाल झाली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बागेतले रातकिडे संपले. झाडांवर फवारलेल्या औषधांनी मेले असणार. लहानपणी संध्याकाळ झाली की ते सुरू व्हायचे आणि मग आम्हाला दप्तर उघडायला लावायचे. आज दिवेलागणीला खिडकीशी उभा राहिलो. शुकशुकाट. मन भरून आलं. आठ ओळींचं शोकगीत लिहिलं, शेवटच्या दोन ओळी तर अशा उतरल्या की माझ्याच अंगावर काटा आला. वर्तमानपत्राच्या संपादकांनाही दोन शब्द लिहून टाकले.

हिला वाचून दाखवलं. ही खिडकीबाहेर बोट दाखवून हसतच सुटली. पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. शोकगीताला हसणारी बायको मिळायलाही भाग्य लागतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुखणं सापडलं. माणसं उच्चार विसरली आहेत.

सकाळभर लक्ष देऊन ऐकलं. दूधवाला, जिन्यातली मुलं, फोनवरची लेक, सगळे एकजात पुटपुटतात. स्वर येतात, व्यंजनं येत नाहीत. स्वर म्हणजे नदी आणि व्यंजनं म्हणजे तिचे काठ. काठ गेले की पाणी नुसतं पसरतं. सगळं गावच्या गाव पुरात असल्यासारखं बोलतंय, आणि कोणाला त्याचं काही नाही.

आमच्या वेळी असं नव्हतं. पाचवीत सुतारपक्ष्याची कविता होती. ट, ठ आणि क यांची नुसती लयलूट. गुरुजी टेबलावर पट्टीने ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात ती म्हणायचा. कोणाचा एक 'ठ' पोचट निघाला की पट्टी थांबायची. गुरुजी म्हणायचे, "पक्ष्याची चोच मोडली. पुन्हा म्हणा." ती कविता मला आजही अशी येते की झोपेतून उठवून विचारा.

तर ठरलं. स्पष्टोच्चाराचा वर्ग काढायचा. आपल्याच बैठकीच्या खोलीत, संध्याकाळी. कवितांचं पठण करून घ्यायचं.

हिने यावर वेगळाच उपाय सुचवला. "अहो, कान दाखवून या!" असा मोठ्यांदा सुचवला की जिन्यातल्यांनाही सल्ला मिळावा. मी शांतपणे सांगितलं, माझे कान ठणठणीत आहेत. मला माझा स्वतःचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येतो. कान बिघडले असते तर आधी तोच गेला नसता का?

यावर ती नुसती कपाळाला हात लावून बसली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रद्दीत सहावीचं विज्ञानाचं पुस्तक सापडलं. ध्वनीचा धडा वाचला. काय सोपं लिहिलंय! वस्तू थरथरते, ती शेजारच्या हवेला ढकलते, ती हवा पुढच्या हवेला. हवा स्वतः कुठे जात नाही. रांगेत मागच्याने धक्का दिला की माणसं जागच्या जागी राहतात आणि धक्का तेवढा खिडकीपर्यंत पोचतो, तसंच. आणि मऊ कापड हा धक्का गिळून टाकतं!

घरातले सगळे पडदे काढले. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. मग खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आहाहा, टाळीला टाळीने उत्तर आलं. विहिरीत हाक मारल्यासारखं.

ही बाजारातून आली आणि दारातच थबकली. मग पुष्कळ बोलली, हातवाऱ्यांसकट. पण तिचे शब्द एकमेकांच्या पाठीवर बसून आल्यासारखे सगळे एकदमच आले. भिंतींना सवय नसेल. रुळतील हळूहळू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वर्ग सुरू झाला! जिन्यात चिकटवलेल्या जाहिरातीकडे पहिले दोन दिवस कुत्रंही फिरकलं नव्हतं. ही दोन्ही दिवस सारखी वरखाली करत होती. बेकरीतही तीनतीनदा गेली, कशाला कोण जाणे. आणि आज बघतो तर तीन विद्यार्थी. खालच्या मजल्यावरचा वकील, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला. चांगल्या मजकुराची ताकद असतेच.

वकील फार उत्साही. म्हणाला, "काका, बातम्यांच्या वेळेलाच ठेवा वर्ग. रोज ठेवा. सुट्टी नकोच." कोर्टात उलटतपासणी घेणारा माणूस, त्याला उच्चारांचं महत्त्व कळणारच. झालेलं सगळं तो फोनवर ध्वनिमुद्रित करतो. म्हणतो, घरी जाऊन ऐकतो.

एक गंमत लक्षात आली. हेच लोक दारात पुटपुटतात, पण कविता म्हणायला लागले की काय सुरेख! वकिलाने सुतारपक्षी म्हटला तर एकेक 'ठ' कानात ठसला. म्हणजे दोष जिभेचा नाही, मजकुराचा आहे. चांगला मजकूर द्या, माणूस चांगलं बोलतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वर्ग जोरात. बाकी विशेष नाही.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून काहीतरी बोलत होती. बराच वेळ. शेवटी आवाज चढल्यासारखा वाटला, म्हणजे प्रश्न असावा. मी आपलं "हो हो, उत्तम" म्हटलं. बायकोच्या प्रश्नाला हे उत्तर सहसा चुकत नाही. तरी तिचा चेहरा का पडला समजलं नाही. लगेच तिने लेकीला फोन लावला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा!

मास्तरीणबाई गळ्याभोवती जाडजूड मफलर गुंडाळून आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली. नवशिक्यांचा घसा कोरडा पडतोच. मी म्हणालो, "लाजू नका. आपलीच माणसं आहेत. सुतारपक्षी घ्या." त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने छताकडे पाहिलं. बेकरीवाल्याने बिस्किटांचा पुडा उघडला आणि पुन्हा बंद केला.

मग बाई उठल्या. आणि काय म्हटली त्यांनी कविता! सगळी कडवी, एक अक्षर न गाळता. आवाज इतका कोवळा की पाचवीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. ती पट्टी, तो खडूचा वास, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप. प्रत्येक 'ट' चोचीसारखा टोकदार. मी डोळ्यांत प्राण आणून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. संपल्यावर मला राहवलं नाही. "वा! एकेक अक्षर मोत्यासारखं! याला म्हणतात उच्चार!"

कोणालाही टाळ्या सुचल्या नाहीत. खऱ्या कलेपुढे असंच होतं. वकील बुटाच्या नाड्या बांधत बसला. मास्तरीणबाई स्वतःच गहिवरल्या होत्या. आणि दारात ही, कपांचा ट्रे हातात धरून उभी, डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कवितांनी जे कधी झालं नाही ते आज झालं. तिला कविता भिडली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कॉटवर बॅग उघडी. हिचे कपडे, औषधांची पिशवी, चष्म्याचं घर.

"हे काय?" मी विचारलं.

ती अगदी समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "लेकीकडे चाललेय. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. राहायला."

"किती दिवस?"

"राहायला म्हणजे राहायला."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं. 'तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय, मी जाऊ का लेकीकडे राहायला,' असं विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

"मी?"

"हो हो, उत्तम, म्हणालात. नुसतं हो नाही. उत्तमसुद्धा म्हणालात!"

मी म्हणालो, तू पुटपुटतेस, त्याला मी काय करू. जरा मोठ्याने बोलत जा की.

तेव्हा ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "ओरडून बोललं ना, की मायेचं बोलणंसुद्धा भांडण होतं. हळू बोलायच्या गोष्टी मी कोणाला सांगू? सकाळी उठल्यापासून मी काय सांगते? नळ बंद करा. गोळी घ्या. दार लावा. ओरडून एवढंच सांगता येतं. बाकीचं सगळं माझ्यापाशीच राहतं."

"पण माझे कान..."

"तुमचे कान काय काय ऐकतात ते मी परवा पाहिलं," ती म्हणाली, आणि साड्या मोजायला लागली.

परवाचं काय म्हणते ते कळलं नाही. परवा तर तिचे डोळे भरून आले होते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. मनाला विरंगुळा म्हणून वकिलाकडून त्याचा फोन मागून आणला. म्हटलं, मास्तरीणबाईंचं ते पठण पुन्हा ऐकावं. आवाज पूर्ण चढवला आणि फोन कानाला लावला.

आधी बेकरीवाला. मग वकील. मग कोणीतरी चिरक्या, नाकातल्या आवाजाचा म्हातारा म्हणाला, "लाजू नका. आपलीच माणसं आहेत." हे वाक्य माझं. आवाज माझा नव्हे. विज्ञानाच्या पुस्तकात आहे म्हणा, आपला आवाज आपल्याला बाहेरून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. बाकीच्यांना नुसता बाहेरचा मिळतो. म्हणजे इतकी वर्षं लोकांनी माझ्या कविता या आवाजात ऐकल्या. असो.

मग काही नाही.

पंख्याची घरघर. खुर्ची सरकल्याचा आवाज. पुन्हा पंखा. बराच वेळ नुसता पंखा. मग तोच चिरका म्हातारा: "वा! एकेक अक्षर मोत्यासारखं!"

यंत्र बिघडलं असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी

यंत्र बिघडलेलं नाही. पंखा नोंदवणारं, खुर्ची नोंदवणारं यंत्र मधल्यामध्ये बाईंचाच आवाज कसा गाळेल?

छापखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची असे. डोळा पानावर जे आहे ते वाचत नाही, जे असायला हवं ते वाचतो. ओळखीच्या मजकुरात तर हमखास फसतो. म्हणून आमच्याकडे महत्त्वाचं पान शेवटच्या शब्दाकडून सुरुवातीकडे उलटं वाचायची पद्धत होती. अर्थ लागला नाही की डोळ्याला लबाडी करता येत नाही. असंख्य पोरांना मी हे घोकून घोकून शिकवलं.

फोन परत द्यायला खाली गेलो. वकिलाला म्हणालो, "सुतारपक्षी म्हण. शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. आणि तोंडासमोर हात धर."

"काका, बरं आहे ना तुम्हाला?"

"म्हण म्हटलं की म्हण."

त्याने हात धरला आणि म्हणायला लागला. मी जिन्याचा कठडा धरून ऐकलं. आ. ओ. आई. ऊ. आ. नदी आली. काठ एकही आला नाही.

हात खाली करून तो माझ्या कानाशी आला. "काका, रागावू नका. मास्तरीणबाईंचा आवाज बसला होता. डॉक्टरांनी आठवडाभर बोलू नका म्हणून सांगितलंय त्यांना. त्या नुसते ओठ हलवत होत्या. तुम्ही इतक्या आशेने बघत होतात, त्यांच्याने नाही म्हणवेना."

"आणि तू? तू कशाला येतोस वर्गाला?"

तो ओशाळला. "काकूंनी गळ घातली. बिस्किटंसुद्धा दिली. आणि खरं सांगू का, तेवढा वेळ तुमचा टीव्ही बंद असतो. बातम्या मला खालीच ऐकू येतात. मी माझा टीव्ही केव्हाच विकून टाकला."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ग्रंथालयात जातो असं हिला सांगून कानांच्या दवाखान्यात गेलो.

कानांच्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला एका काड्यापेटीएवढ्या खोलीत बसवलं. भिंतींना गाद्या. इथे टाळी वाजवली तर हातातच मरते. डोक्यावर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. परीक्षा म्हटल्यावर मी सावरून बसलो आणि पट्टीच्या ठेक्यावर दाबावं तसं दाबत गेलो. एकही सोडायचा नाही.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आजोबा, मी आवाज सोडला नव्हता तेव्हाही तुम्ही दाबलंत."

"येईल असं वाटलं होतं."

"तो अंदाज झाला. मला अंदाज नको, कान हवेत." मग पुन्हा घेतली परीक्षा. या वेळी प्रामाणिकपणे दिली. फार वेळ लागला नाही. दाबण्यासारखं थोडंच होतं.

त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे बरी सपाटी आणि मग उजवीकडे कडा कोसळावा तसा उतार. "जाड आवाज तुम्हाला ठीक येतात," त्या म्हणाल्या. "बारीक येत नाहीत. स, श, त, थ, फ ही मंडळी बारीक आणि अशक्त असतात. ती आधी जातात. घड्याळ, रातकिडे, बायकांचा हळू आवाज..."

"रातकिडे?" मी विचारलं.

"हो. काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. संपादकांनी ते दोन शब्द छापले नसले म्हणजे मिळवली.

मी विचारलं, बारीकच आधी का? त्या म्हणाल्या, "कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात सूक्ष्म केस. बारीक आवाजांचे केस अगदी दाराशी. आत जाणारा प्रत्येक आवाज त्यांच्यावरून जातो. पायपुसणं दारातलंच आधी झिजतं ना?" उपमा आवडली. शाळेत कविता कोणी शिकवली ते विचारणार होतो, पण बाहेर रांग होती.

यंत्रं सोमवारी मिळतील. आधी वापरून बघायला. बाईंनी बजावलं, "सुरुवातीला सगळंच मोठं वाटेल. डोक्याला सवय राहिलेली नाही. धीर धरा. आणि घरात पडदे, गालिचे असू द्या. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द शब्दात मिसळतो."

मी म्हणालो, "लोक पडदे काढतात की काय?"

शनिवार, १ मार्च

सगळे पडदे परत लावले. गालिचा माळ्यावरून काढताना कमरेत उसण भरली. ही येऊन बघत उभी राहिली. काही म्हणाली. कमी घुमलं, पण कळलं नाही ते नाहीच.

सोमवार, ३ मार्च

यंत्रं आली. कानामागे बसतात, शेंगदाण्याएवढी. हिला सांगायचं नाही असं ठरवलं. आधी वापरून बघू, जमलं तर सांगू. नाही जमलं तर निदान आशा लावून निराश करायला नको. त्यावरून कानटोपी चढवली. "थंडी वाजतेय," म्हटलं. बाहेर लख्ख ऊन.

देवा रे, काय हा गदारोळ! कागद उलटला तर पत्रा फाडल्यासारखा. नळ म्हणजे धबधबा. लोकरीची टोपी यंत्राला घासते ते वेगळंच वादळ. जग इतकं बोलभांड आहे हे मी विसरलो होतो.

दिवेलागणीला खिडकीशी गेलो. रातकिडे सगळेच्या सगळे हजर होते. माझं शोकगीत ऐकून परत आलेले दिसतात.

बुधवार, ५ मार्च

ही बोलते.

ही सबंध दिवस बोलते. सकाळी गॅस पेटवल्यापासून. बोलेनाशी झाली ती कधीच नव्हती. लेकीच्या घराचा जिना चढणं कसं व्हायचं ते, खालच्या वकिलाच्या आईचं दुखणं, स्वप्नात तिची वारलेली बहीण आली ते. सगळं मला सांगते. फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत नाही. सवय मोडली असावी.

कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणतेही. सूर पूर्वीपासून असाच होता की काय? मला तो फार गोड असल्याचं आठवतं. आठवण हीसुद्धा एक मुद्रित न तपासलेली गोष्ट आहे.

आणि एक. तोंडावर मला 'अहो' म्हणणारी ही बाई पाठ फिरवली की 'अरे' म्हणते. "अरे, ध्यान बसलंय बघा टोपी घालून. अरे म्हाताऱ्या, घामाने भिजलास की." लग्न झाल्यापासून मी हे कधी ऐकलं नव्हतं. कधीपासून म्हणते कोण जाणे. दुपारभर वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसलो आणि पुन्हा म्हणेल म्हणून वाट पाहिली.

एवढं मात्र नमूद करतो की यंत्राला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. लोकांचे उच्चारही सुधारले आहेत. वर्गाचा परिणाम.

शुक्रवार, ७ मार्च

सांगेन सांगेन म्हणतो आणि जमत नाही. सांगितलं की ती सावध होईल, आणि ते हळू बोलणं बंद पडेल. नाही सांगितलं तर रविवारी जाईल. बॅगेला कुलूपही लागलं. माझ्यासाठी काय काय करून ठेवलंय ते ती आज कपाटाशी बोलत होती. "गोळ्यांचं वकिलाला सांगितलंय. पाव बेकरीवाला देईल. मास्तरीणबाई रोज एकदा डोकावतील. फक्त याने दार उघडायला घंटा ऐकू यायला हवी ना. दाबली की घरात लाल दिवा लागतो ती घंटा लावून घ्यायला हवी होती."

सुतारपक्ष्याच्या कवितेत असली दिव्याची घंटा नव्हती. पण गुरुजींनी हे ऐकलं असतं तर पट्टी खाली ठेवली असती.

शनिवार, ८ मार्च

संध्याकाळ. ही भांडी घासत होती, मी टेबलाशी, कानटोपी घालून. उद्या सकाळची गाडी.

नळ बंद झाला. शेवटचं भांडं पालथं घालताना, पाठ माझ्याकडे, मान खाली, आपल्या त्या नेहमीच्या हळू आवाजात ती म्हणाली, "जाऊ का रे? तू नको म्हणालास तर नाही जायची. पण तू कशाला म्हणशील. तुझं आपलं हो हो, उत्तम."

मी म्हणालो, "नको जाऊस."

ती वळली नाही. हातातला चमचा पुसून झाला होता, तो पुन्हा पुसला. मग फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर आली आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढली. आधी एका कानामागे पाहिलं, मग दुसऱ्या.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

सोमवारपासून आपण काय काय बोललो याची ती मनात उजळणी करत असावी. चेहऱ्यावर एकेक पान उलटताना दिसत होतं.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं नाही. टोपी फार घासते. 'ध्यान' मात्र स्पष्ट आलं. 'म्हातारा'सुद्धा. उच्चार चांगले आहेत तुझे. वर्गात यायला हवं होतंस."

मला वाटलं हसेल. किंवा रागावेल. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि काहीच बोलली नाही. या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं आहे की ही बोलेनाशी झाली. ती चूक खोडायला हवी. पण खरोखरची गप्प ती आज बसली, आणि इतकी गप्प की भिंतीवरचं घड्याळ टिक टिक करत असल्याचं मला बसल्या जागी ऐकू आलं. सेल उगाच बदलत बसलो होतो.

मग ती उठून आतल्या खोलीत गेली. कुलूप काढल्याचा आवाज आला. चेन उघडल्याचा आला. साड्यांची सळसळ आली. आणि थोड्या वेळाने, दाराकडे पाठ करून, मुळीच न ओरडता:

"अरे, बॅग वर ठेवायला ये."

मी पहिल्याच हाकेला उठलो.